चित्रमुद्रकाची स्मरणमर्यादा : हार्ड डिस्कच्या मांडणीसंबंधी विवेचन

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्यालगत वसलेले वराळे हे आज निव्वळ शेतीवर जगणारे खेडे राहिलेले नाही. जवळच औद्योगिक वसाहत आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत, बहुमजली गृहसंकुले आहेत. अशा वस्तीत फाटकाशी, जिन्यापाशी किंवा दुकानाच्या गल्ल्यावर लावलेला कॅमेरा ही आता नवलाची वस्तू उरलेली नाही. कॅमेरा सर्वांना दिसतो. परंतु त्याने पाहिलेले जेथे जाऊन साठते तो डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजे ज्याला व्यवहारात डीव्हीआर म्हणतात तो चित्रमुद्रक, कोठे तरी कपाटात धूळ खात असतो, आणि त्याच्या पोटातील हार्ड डिस्क तर बसविणाऱ्या कारागिराखेरीज कोणी पाहिलेलीही नसते.

प्रस्तुत लेखात या डिस्कच्या मांडणीचा विचार करावयाचा आहे. डिस्क बसविणे हे चार स्क्रू आणि दोन तारांचे काम आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. वस्तुतः कोणती गोष्ट किती काळ स्मरणात ठेवावयाची आणि केव्हा विसरावयाची, याचा तो निर्णय असतो. हा निर्णय जो जाणीवपूर्वक घेत नाही, त्याच्या वतीने तो कारखान्यात ठरविलेली मूळ मांडणी घेऊन टाकते. आणि त्या निर्णयाचे स्वरूप बहुधा घटना घडून गेल्यावरच कळून येते.

पूर्वपीठिका

या यंत्राची दोन कुळे एकाच वर्षी उदयास आली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. १९५६ च्या एप्रिल महिन्यात ॲम्पेक्स कंपनीने शिकागो येथे चुंबकीय फितीवर दूरचित्र मुद्रित करणारे व्यवहारोपयोगी यंत्र दाखविले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएम कंपनीने रामॅक हा संगणक जाहीर केला. त्याच्या संग्राहकात २४ इंच व्यासाच्या ५० चुंबकीय चकत्या होत्या व त्यांत सहा बिटांचे एक याप्रमाणे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या एका साध्या कॅमेऱ्याचे चित्रण दर सेकंदास २० लाख बिट या वेगाने होते असे धरल्यास, त्या अजस्र संग्राहकात ते सुमारे १५ सेकंदच मावले असते.

फीत आणि चकती यांच्यातील भेद केवळ क्षमतेचा नाही. फीत संपली म्हणजे ती बदलावी लागे. कोणती फीत कपाटात जपावयाची आणि कोणती पुसून पुन्हा वापरावयाची हे माणूस हाताने ठरवी. विसरण्याची क्रिया डोळ्यांसमोर घडे. चकतीवर मुद्रण सुरू झाल्यापासून ही क्रिया यंत्राच्या आत गेली. डिस्क भरली की सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप लिहिले जाते. कोणालाही काही करावे लागत नाही, आणि म्हणूनच कोणाच्या काही लक्षातही येत नाही.

संग्रहाचे गणित

डिस्क किती मोठी घ्यावी या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. ते साध्या गुणाकाराने मिळते. कॅमेऱ्याचा बिट-वेग, म्हणजे दर सेकंदास निर्माण होणाऱ्या बिटांची संख्या, घ्यावी. तिला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणावे. आणि आठ बिटांचा एक बाइट होतो म्हणून आठाने भागावे. बिट-वेग २ मेगाबिट असेल तर एका कॅमेऱ्याचे एका दिवसाचे चित्रण २१.६ गिगाबाइट भरते. आठ कॅमेऱ्यांचे ते १७२.८ गिगाबाइट होते.

आता वराळ्यातील एखाद्या गृहसंकुलाचे उदाहरण कल्पावे. तेथे असे आठ कॅमेरे असून चित्रमुद्रकात २ टेराबाइटची डिस्क बसविलेली आहे. २,००० गिगाबाइटांना १७२.८ ने भागले असता उत्तर साडेअकरा दिवस येते. एक रहिवासी दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे गावी गेला आणि तो निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वाहनतळातून त्याची दुचाकी चोरीस गेली, असे समजू. तो परत येतो तेव्हा कॅमेरे निर्दोष आहेत, चित्रमुद्रक निर्दोष आहे, डिस्कही निर्दोष आहे. फक्त त्याला हवा असलेला दिवस तिच्यावर नाही. येथे यंत्र बिघडले असे म्हणता येणार नाही. त्याला जेवढे स्मरण दिले होते तेवढे त्याने चोख ठेवले.

तीस दिवसांचे चित्रण हवे असेल तर ५,१८४ गिगाबाइट लागतात. त्यात अनुक्रमणिका व इतर व्यवस्थेसाठी दहा टक्क्यांची सूट धरावी. याचा अर्थ ६ टेराबाइटची डिस्क घ्यावी लागेल. ती सूट वजा जाता सुमारे ३१ दिवस पुरेल. या ठिकाणी एका घोटाळ्यापासून सावध राहिले पाहिजे. डिस्कचे उत्पादक टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात, तर पुष्कळसे चित्रमुद्रक ती क्षमता १,०२४ च्या पटीत दाखवितात. त्यामुळे २ टेराबाइटची डिस्क पडद्यावर १,८६३ गिगाबाइटची दिसते. डिस्क लहान निघाली असे त्यावरून समजू नये, आणि एका पद्धतीच्या आकड्याला दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याने भागूही नये.

डिस्क न बदलता दिवस वाढविण्याचे मार्गही आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या संक्षेपपद्धतीऐवजी २०१३ ची एच.२६५ ही पद्धत वापरल्यास तेवढ्याच दर्जाच्या चित्रास ढोबळमानाने निम्मी जागा पुरते. मात्र कॅमेरा व मुद्रक या दोहोंच्या मेळातून ती सोय उपलब्ध असावी लागते. दर सेकंदास २५ ऐवजी १२ किंवा १५ चित्रे घेतली तरी जिन्यावरील हालचाल समजण्यास अडचण पडत नाही. परंतु बिट-वेगच फार खाली आणला तर दिवस वाढतात आणि चित्र निकामी होते. वाहन दिसते, त्याचा क्रमांक वाचता येत नाही. वाढविलेले दिवस अशा वेळी कागदावरच राहतात.

डिस्कची निवड

घरगुती संगणकाची डिस्क चित्रमुद्रकात बसते, चालतेही. तथापि दोहोंच्या कामाचा प्रकार भिन्न आहे. संगणकाची डिस्क दिवसातून काही तास चालते व अधूनमधून वाचते-लिहिते. चित्रमुद्रकाची डिस्क अहोरात्र लिहीत असते. वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक यांसारख्या डिस्क या कामासाठीच घडविलेल्या आहेत. त्यांतील एक भेद तत्त्वाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. डिस्कवरील एखादा भाग वाचता किंवा लिहिता येईनासा झाला, तर संगणकाची डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते, कारण हिशेबातील एक अंक हरपला तरी सारा हिशेब फसतो. चित्रमुद्रकाच्या डिस्कला मात्र तसे थांबणे परवडत नाही. ती अडली की तेवढ्या काळात येणारे चित्रण निसटून जाते. म्हणून ती प्रयत्न लवकर सोडून पुढे जाते. चित्रातील काही ठिपके गेले तर चालतात, सेकंद गेलेले चालत नाहीत.

डिस्कला वर्षभरात किती भार सोसतो याचाही आकडा उत्पादक देतात. या वर्गातील पुष्कळ डिस्कसाठी तो वर्षास १८० टेराबाइट असतो. वरील उदाहरणातील आठ कॅमेरे वर्षाकाठी सुमारे ६३ टेराबाइट लिहितील. म्हणजे चिंतेचे कारण नाही. पण १६ कॅमेरे ४ मेगाबिट वेगाने एकाच डिस्कवर लिहू लागले, तर वर्षाचे लेखन २५२ टेराबाइटांवर जाते. क्षमतेच्या दृष्टीने मोठी असलेली डिस्कही भाराच्या दृष्टीने येथे अपुरी पडते. हा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच केला जातो.

चित्रमुद्रकाचीही मर्यादा पाहावी लागते. जुन्या विभागणी-पद्धतीत डिस्कवरील कप्प्यांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात. कप्पा ५१२ बाइटांचा असल्यास त्या पद्धतीला सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडे मोजताच येत नाही. जुन्या यंत्रात मोठी डिस्क बसवून तिचा काही भागच दिसतो त्याचे एक कारण हे असते. म्हणून यंत्राच्या माहितीपत्रकात दर डिस्कमागे कमाल किती क्षमता चालते हे पाहूनच डिस्क घ्यावी.

जोडणी, घड्याळ आणि फॉरमॅट

प्रत्यक्ष जोडणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. वीज पूर्ण बंद करावी. झाकण काढून डिस्क तळाशी स्क्रूंनी पक्की बसवावी, कारण सैल डिस्कला कंप बाधतो. मग माहितीची व विजेची अशा दोन साटा तारा जोडाव्यात. फिरू लागताना डिस्कला स्थिर गतीच्या मानाने पुष्कळच अधिक प्रवाह लागतो. चित्रमुद्रकाचा वीजपुरवठा दुबळा असेल तर यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू होते किंवा डिस्क सापडत नाही असे सांगते. अशा वेळी दोष डिस्कच्या माथी मारण्यापूर्वी वीजपुरवठा तपासावा.

यानंतर पहिले काम घड्याळाचे. फॉरमॅटचे काम त्याच्या मागून. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चित्रण डिस्कवर काळाच्या अनुक्रमाने लावले जाते व शोधतानाही काळानेच शोधले जाते. परदेशी बनावटीच्या यंत्रात चीनचा कालविभाग लावलेला राहिला, तर महाजालावरून वेळ जुळविणारे घड्याळ भारतीय वेळेच्या अडीच तास पुढे चालते. नंतर घड्याळ मागे घेतले म्हणजे एकाच वेळेची दोन चित्रणे होतात आणि त्यांचा शोध अवघड होतो. दिवस आधी की महिना आधी, हेही येथेच ठरवून घ्यावे.

मग यंत्राच्या सूचीतून डिस्क फॉरमॅट करावी. या क्रियेत चित्रमुद्रक डिस्कवर आपली स्वतःची मांडणी उभारतो : संपूर्ण डिस्क मोठमोठ्या समान खणांत विभागतो आणि कोणत्या खणात कोणत्या कॅमेऱ्याचा कोणता काळ आहे याची अनुक्रमणिका ठेवतो. ही मांडणी अनेकदा त्या उत्पादकाची खास असते. म्हणूनच अशी डिस्क काढून संगणकास जोडली असता संगणकाला ती ओळखू येत नाही व ती फॉरमॅट करू काय, असा प्रश्न तो विचारतो. या प्रश्नास होकार देणे म्हणजे ग्रंथालयाची सूची जाळून टाकणे होय. ग्रंथ कपाटात असतील, पण ते शोधण्यास तज्ज्ञ बोलवावा लागेल. हाच इशारा दुसऱ्या बाजूनेही लागू आहे : वापरलेली डिस्क नव्या यंत्रात घालताना तिच्यावरील जुने चित्रण नको आहे याची खात्री करूनच फॉरमॅटची आज्ञा द्यावी.

डिस्क सुस्थितीत असल्याचे पडद्यावर दिसले म्हणजे मुद्रण सुरू झाले असे नव्हे. मुद्रणाचे वेळापत्रक प्रत्येक कॅमेऱ्यास स्वतंत्रपणे लावलेले असते. सर्वांत विश्वसनीय कसोटी एकच : दुसऱ्या दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याचे आदल्या दिवशीचे चित्रण काढून पाहावे, आणि महिन्यातून एकदा सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे आहे ते पाहून नोंदवहीत लिहावे. गणिताने आलेले दिवस आणि प्रत्यक्ष मिळालेले दिवस यांतील अंतर या नोंदीवरूनच कळते.

पुनर्लेखन आणि पर्जन्यकाळ

डिस्क भरल्यावर काय करावयाचे याचे दोन पर्याय असतात : जुन्यावर नवे लिहावे, किंवा मुद्रण थांबवावे. दुसरा पर्याय वरवर पाहता सुरक्षित वाटतो. पण त्यात यंत्र एके दिवशी मुकाट्याने पाहणे सोडते. म्हणून सामान्यतः पहिलाच पर्याय योग्य ठरतो. मात्र त्याच्या जोडीला महत्त्वाच्या चित्रणास कुलूप लावण्याची सोय असल्यास ती वापरावी, व कॅमेरागणिक जागेचा वाटाही ठरवून द्यावा. नाही तर रहदारीच्या रस्त्याकडे तोंड असलेला कॅमेरा मागील दाराच्या कॅमेऱ्याची जागा खाऊन टाकतो.

जागा वाचविण्यासाठी पुष्कळ ठिकाणी फक्त हालचाल झाली तरच मुद्रण करण्याची मांडणी केली जाते. एप्रिल-मे महिन्यांत तिचा हिशेब चांगला जमतो. मावळातील पावसाळ्यात तो कोलमडतो. पावसाच्या धारा, वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या, रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांकडे झेपावणारे किडे या सर्वांना यंत्र हालचालच समजते. उन्हाळ्यात महिनाभर पुरणारी डिस्क जुलैमध्ये त्याच्या अर्ध्याहूनही आधी भरू शकते. त्याच ऋतूत वीजही वारंवार खंडित होते, आणि अकस्मात वीज गेल्याने लिहिले जात असलेले चित्रण व अनुक्रमणिका यांस धक्का पोहोचतो. म्हणून हालचालीवर आधारलेल्या मांडणीतही क्षमतेचे गणित अखंड मुद्रण धरूनच करावे, आणि चित्रमुद्रकाला यूपीएसचा आधार द्यावा.

दोन डिस्क असल्या म्हणजे चित्रणाच्या दोन प्रती होतात, हाही एक गैरसमज आहे. सर्वसाधारण यंत्रात पहिली डिस्क भरली की दुसरीवर लेखन सुरू होते. एक निकामी झाली तर तिच्यावरील दिवस गेलेच. एकच चित्रण दोन्ही डिस्कवर ठेवण्याची सोय काही यंत्रांत असते; ती घेतल्यास सुरक्षितता वाढते आणि दिवस निम्मे होतात. डिस्कची प्रकृती मात्र आधी समजू शकते. स्मार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंपरीक्षणात बदललेल्या कप्प्यांची व संशयित कप्प्यांची संख्या दिलेली असते. ती वाढू लागली की डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता बदलावी.

स्मरण आणि साक्ष

या सर्व तांत्रिक तपशिलाचे मोल न्यायालयात कळते. २०१५ मध्ये तोमासो ब्रुनो खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर वाराणसीच्या एका हॉटेलातील मृत्यूचे प्रकरण होते. हॉटेलात कॅमेरे होते. त्यांचे चित्रण मात्र पुराव्यात आलेच नाही. सर्वोत्तम पुरावा पुढे न आणणे ही अभियोगपक्षाची गंभीर उणीव न्यायालयाने मानली आणि आरोपी निर्दोष सुटले.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून अधिक बोलके आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजण्याच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप घेण्यात आला, आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व बाहेरील व्हिडिओ चित्रणाचा आधार देण्यात आला. उच्च न्यायालयाने आवश्यक दाखल्यासह चित्रण सादर करण्याचा आदेश दिला. चित्रण आले, दाखला आला नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निर्णय दिला : मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणून त्याच्या मालकाने साक्ष दिल्यास वेगळ्या दाखल्याची गरज नाही, पण प्रत सादर करावयाची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मधील दाखला अनिवार्य आहे. दाखल्याच्या बाबतीत तोमासो ब्रुनो निर्णयातील प्रतिपादनही या निर्णयाने अमान्य ठरविले. खोतकर यांचे अपील मात्र इतर पुराव्याच्या बळावर फेटाळले गेले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आहे. त्याच्या कलम ६३ नुसार दाखल्याचे दोन भाग असून एक उपकरणाचा ताबा असणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात अभिलेखाचे हॅश-मूल्य नमूद करावे लागते. हे मूल्य म्हणजे चित्रणाच्या सर्व बिटांवरून गणिताने काढलेली खूण होय. एक बिट बदलला तरी ती बदलते. यावरून व्यवहाराचा नियम निघतो. घटना गंभीर असेल तर चित्रण दुसऱ्या स्वरूपात रूपांतरित न करता यंत्राच्या मूळ स्वरूपातच उतरवून घ्यावे व लगेच हॅश-मूल्य काढून ठेवावे. चित्रमुद्रकाचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही त्याच वेळी लिहावे. शक्य असल्यास डिस्क काढून, तिचा व यंत्राचा क्रमांक नोंदवून, मोहोरबंद करून ठेवावी आणि यंत्रात नवी डिस्क घालावी. पुनर्लेखनाचे चक्र थांबविण्याचा याहून निश्चित उपाय नाही.

किती दिवस ?

शेवटी मूळ प्रश्न उरतो : किती दिवसांचे स्मरण ठेवावे ? २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतील चित्रण १८ महिने, आणि तशी साधने उपलब्ध नसल्यास निदान एक वर्ष, जपण्याचा निर्देश दिला. आपल्या गणिताने २ मेगाबिट वेगाच्या एका कॅमेऱ्याचे एका वर्षाचे चित्रण सुमारे ७.९ टेराबाइट होते. दहा कॅमेऱ्यांचे ७९ टेराबाइट. न्यायालयाचे एक वाक्य प्रत्यक्षात उतरावयाचे असेल, तर ते इतक्या डिस्कच्या रूपाने उतरावे लागते. कोठडीतील अत्याचाराची तक्रार करण्यास माणसाला कित्येक महिने धीर होत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे ही मुदत अवास्तव वाटत नाही.

याउलट गृहसंकुल किंवा वसतिगृह यांचा विचार वेगळा आहे. तेथे येणारी-जाणारी माणसे आरोपी नव्हेत. कोण कोणाकडे केव्हा आले याची वर्षभराची नोंद एका कपाटात असणे हाच एक धोका आहे. वैयक्तिक विदा हेतू पूर्ण होईपर्यंतच ठेवावी, त्यापुढे नव्हे, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमामागील तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते. सुट्टीवर गेलेला रहिवासी परतून तक्रार करू शकेल एवढा अवधी, म्हणजे साधारण तीस दिवस, अशा ठिकाणी पुरेसा मानता येईल. काही यंत्रांत ठरावीक दिवसांनंतर चित्रण आपोआप काढून टाकण्याचीही मांडणी असते. मोठी डिस्क बसवूनही स्मरण मर्यादित ठेवता येते, ते तिच्यामुळेच.

तात्पर्य, दिवसांची संख्या आधी ठरवावी, तिच्यावरून बिट-वेग व क्षमता काढावी, आणि मग डिस्क विकत घ्यावी. व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा चालतो : दुकानात जी डिस्क मिळाली ती बसते, आणि संस्थेचे स्मरण किती असावे हे त्या डिस्कची किंमत ठरविते. ज्या संस्थेच्या सभेत कॅमेऱ्यांच्या खर्चास मंजुरी मिळते, त्याच सभेच्या इतिवृत्तात चित्रण किती दिवस जपावयाचे, ते कोणी पाहावयाचे आणि गंभीर घटनेनंतर डिस्क कोणी ताब्यात घ्यावयाची, या तीन गोष्टींची नोंद झाली तर पुढील पुष्कळसा वाद टळेल.